रिपोर्ट नॉर्मल

२६ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी झेंडावंदन. दुपारी नातीचा, चिऊचा सामना. दहावीचं वर्ष, यंदा कबड्डी बंद, असं तिच्या आईचं सांगून झालेलं. मी सोबत जातो म्हटल्यावर परवानगी मिळाली.

मॅट नाही, तांबडी माती. चिऊ डाव्या कोपऱ्यात. उत्तरार्धात चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायला झेपावली. त्या मुलीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला. उठली. माती झटकली. पंचांनी काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. खेळ सुरू.

पुढच्या चढाईला दोन पावलं उशिरा हलली. मग समोरच्या संघाच्या अर्ध्यात जाऊन उभी राहिली. लोक हसले. मी उठून तिच्या कबड्डीच्या सरांकडे गेलो. म्हणाले, "आबा, लगेच उठली की. बेशुद्ध कुठे पडली? टेंगूळ आहे, बर्फ लावू." तरी माझ्या तोंडाकडे बघून बाहेर बसवलं.

रिक्षात विचारलं, "लोना आपण दिला ना?" दिला म्हटलं. ठाणा नाक्यावर पुन्हा तेच. घराच्या पायरीवर पुन्हा.

वेळा लिहून ठेवतो. नोकरीतली सवय.
६.१० ट्यूबलाइट बंद करायला लावली.
७.३० जेवण नको.
८.४० उलटी.
९.१५ पुन्हा उलटी. सूनबाई म्हणाली पित्त असेल, सकाळपासून उन्हात होती. मी चप्पल घातली.

रात्रीच

एक वाजता परत आलो. सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट नॉर्मल. हाड शाबूत, रक्तस्राव नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे काही नाही ना?" डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाईत नव्हत्या. म्हणाल्या, "काही नाही असं नाही. कन्कशन आहे. ते स्कॅनमध्ये दिसत नाही. झाकण लावलेल्या डब्यात दही हलावं तसा मेंदू हलतो. डब्याला पोचा नाही, म्हणून दही बिघडलं नाही असं म्हणता येत नाही."

कागद दिलाय. फ्रिजवर लावला. उलट्या चालूच राहणं, डोकेदुखी वाढत जाणं, हाक मारून न उठणं, झटका येणं, एका बाजूच्या हातापायातला जोर जाणं, बोलणं अडखळणं, भलतंसलतं बडबडणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आमची ही म्हणते, डोक्याला मार लागलेल्याला झोपू द्यायचं नसतं. डॉक्टरीणबाईंना विचारून आलो होतो. तपासून झालंय, झोपू द्या. रात्रीत एकदोनदा हाक मारा, ओ दिली की पुरे.

२.१५ ओ दिली.
४.३० "आबा, जा ना!" हे उत्तर फार आवडलं.

झोप नाही. रमण लांबा डोक्यातून जात नाही. १९९८, ढाका. शॉर्ट लेगला उभा, हेल्मेट नाही. चेंडू डोक्याला लागला. स्वतःच्या पायांनी तंबूत गेला. तीन दिवसांनी वारला. घरात कोणाला बोललो नाही.

२७ जानेवारी

दिवसभर झोप. उठली की डोकं जड. साधी पॅरासिटामॉल. ब्रुफेन, ॲस्पिरिन सध्या नको, असं कागदावर आहे. मोबाइल कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.

डॉक्टरीणबाईंनी तक्ताही दिलाय. डोकेदुखी, गरगर, मळमळ, उजेड, आवाज, विसर, चिडचिड, झोप. प्रत्येकाला ० ते ६ गुण, रोज संध्याकाळी तिला विचारून भरायचा. आज डोकेदुखी ४, उजेड ५. चिडचिड तिने १ सांगितली. ही म्हणाली, ६ लिहा.

२८ जानेवारी

हिचं हळदीकुंकू आधीच ठरलेलं. रद्द करा म्हटलं तर "वाण आणून ठेवलंय." बायका आल्या. दार लावून घेतलं तरी चिऊला प्रत्येकीचा आवाज आत येत होता.

सल्ले: एरंडेल तेल चोळा. ब्राह्मी द्या. डोकं घट्ट बांधा. एकीने पुण्यातल्या जीबीएसच्या साथीचं काढलं, तोल जातोय म्हणजे तेच तर नसेल? आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, रिपोर्ट काय आला. नॉर्मल. "मग झालं तर!"

रात्री हिने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. काढू दिली. मोहऱ्याच जळतात, मेंदूला त्रास नाही. धुराचा झाला, खिडकी उघडली.

२९ जानेवारी

अमावस्या. ही कोणाला उंबऱ्याबाहेर पडू देईना. चिऊने वेणी डोळे मिटून घातली. आरशावरचा दिवा सहन होत नाही म्हणाली.

३० जानेवारी

दोन दिवस आराम झाला, आता थोडं चालवा, असं डॉक्टरीणबाईंचं फोनवर सांगणं झालं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायची पद्धत मागे पडली. २०२२ साली ॲमस्टरडॅमला या विषयातले डॉक्टर जमले होते, त्यांचंही हेच: पहिले एकदोन दिवस बेताचा आराम, मग त्रास फार वाढणार नाही इतपत हालचाल. मला हे पटायला वेळ लागला. आजारी माणूस पडून असलेला बरा, हे अंगात मुरलंय.

संध्याकाळी वडाळे तलावाला नेलं. अर्धी फेरी ठीक. मग रस्त्यावरून सायलेन्सर काढलेली बुलेट गेली. चिऊने दोन्ही कान धरले आणि बाकावर बसली. तोंड पांढरं. वीस मिनिटं बसलो. एक ओळखीचे गृहस्थ थांबले. "काय, दहावी ना? अभ्यास काय म्हणतो?"

३१ जानेवारी, शुक्रवार

पुण्याला, गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडशी टी-ट्वेंटी. आवाज अगदी बारीक करून बघत होतो. शेवटच्या षटकात ओव्हर्टनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर. उभा राहिला, डाव पुरा केला. नंतर कळलं, कन्कशन. बदली म्हणून हर्षित राणा आला, पहिलाच टी-ट्वेंटी सामना, तीन बळी. आपण १५ धावांनी जिंकलो.

हेल्मेट असून कन्कशन? हो, हेल्मेट कवटी वाचवतं. आतला हिसका पुरता थांबत नाही.

आतून चिऊ: "आबा, कोणाला लागलं?" दार किलकिलं होतं तर.

नरी कॉन्ट्रॅक्टर आठवले. १९६२, बार्बाडोस, ग्रिफिथचा चेंडू. कवटी फुटली. मी शाळेत होतो. वडील पेपर मोठ्याने वाचायचे, आई पदराने डोळे पुसायची, तिला क्रिकेट कळत नव्हतं. समोरच्या संघाचा कप्तान वॉरेल रक्त द्यायला गेला. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण कसोटी पुन्हा खेळले नाहीत. तेव्हा डोक्याला लागलं म्हणजे रक्त आणि ऑपरेशन. उभा आहे, बोलतोय, त्याला लागलंय असं कोणी धरतच नसे. बदली खेळाडूचा नियम आयसीसीने आणला २०१९ साली.

१ फेब्रुवारी

माघी गणपती. दोन आळ्या पलीकडे मांडव, स्पीकर इकडे तोंड करून. कार्यकर्त्यांना जाऊन सांगितलं, नात आजारी आहे. "काय झालंय काका?" डोक्याला मार. "ॲडमिट आहे?" नाही, घरीच. पोरगा भला. स्पीकर फिरवला. तासाभराने दुसऱ्याने परत फिरवला.

पेपरात इंग्लंडचा कप्तान बटलरची तक्रार: फटकेबाज अष्टपैलूच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज कसा? तक्रार रास्त वाटली. पण भांडण बदली कोण यावरून आहे. दुबेला का बाहेर काढलं, असं कोणी विचारत नाही. हे बरं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

वानखेडेवर पुढचा सामना, अभिषेक शर्माच्या १३५. दुबे खेळला. ३० धावा केल्या, वर बळी घेतले.

चिऊने आईच्या फोनवर बघितलं. बाहेर येऊन उभी. "तो दोन दिवसांत खेळतो. मला आठवडा झाला. मला साधं पुस्तक का धरू देत नाही?" आवाज चढलेला. ही मध्ये पडली तर हिच्यावर ओरडली. मग रडली. मग डोकं दुखायला लागलं म्हणून झोपली. मुलगा माझ्यावर चिडला, तुम्हीच टीव्ही लावता.

मला दुबेचं उत्तर येईना.

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे. आधी तपासणी. एका पावलापुढे दुसरं, टाचेला बोट लावून, डोळे मिटून उभी राहा. हलली, सावरली. डिसेंबरपासून महिने उलटे सांग. जूनपाशी थांबली. मागच्या बाकावर बसून मी मनात मराठी महिने उलटे म्हणत होतो. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक... भाद्रपद आधी की आश्विन? मला तर मारही लागलेला नाही.

दुबेचं तिनेच विचारलं. बाई हसल्या. "शंका आली की बाहेर काढायचं, हा नियम. बाहेर काढलेल्या प्रत्येकाला ते असतंच असं नाही. त्याला कोणीतरी तपासून सोडलं असणार. तुला मी तपासलं. तुझ्या तक्त्यात अजून ३ आहे. शिवाय तो मोठा माणूस. मोठ्यांना दहा-चौदा दिवस लागतात, तुमच्या वयाला चार आठवडेसुद्धा." मुलाकडे वळून: पहिला मार भरून आलेला नसताना दुसरा बसला तर क्वचित मेंदूला एकदम सूज येते. पोरं दगावली आहेत. क्वचित, पण आहेत.

मुलगा येताना गाडीत गप्प होता. नावड्याजवळ म्हणाला, "आणि परीक्षा?"

खेळाआधी शाळा, हा क्रम. अभ्यास वीस मिनिटं, मग थांबायचं. डोकं जरासं दुखलं तर चालेल, वाढत गेलं तर बंद. अक्षरं नाचत असतील तर दुसऱ्याने वाचून दाखवायचं.

४ फेब्रुवारी

रथसप्तमी. गॅलरीत रांगोळीचा रथ. चिऊ उन्हाकडे पाठ करून बसली.

इतिहास वाचायला घेतला. धडा 'खेळ आणि इतिहास'. काय योग! मी वाचतो, ती डोळे मिटून ऐकते. मध्येच म्हणते, "आबा, बातम्या दिल्यासारखं नका वाचू." दुसऱ्या पानावर झोप लागली. मला.

६ फेब्रुवारी

दोन तास शाळा, विज्ञानाचं प्रात्यक्षिक. मी फाटकाबाहेर. वर्गातल्या पंख्याचा खडखडाट, पोरांचा गोंगाट, बाहेर आली तेव्हा ओठ आवळलेले. शाळेतल्या बाईंना डॉक्टरांचं पत्र दिलं. त्यांनी पत्र वाचलं, चिऊकडे बघितलं, पुन्हा पत्र. "दिसायला तर ठणठणीत आहे." प्लास्टर असतं तर त्यावर मैत्रिणींनी सह्या केल्या असत्या.

तरी पत्र ठेवून घेतलं. केंद्रावर खिडकीपासून लांबचा बाक मिळतो का, बघतो म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

सर घरी आले. पेरू आणले. खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा होईपर्यंत बोललो नाही.

मग तेच म्हणाले, "आमच्या वेळी असं काही नव्हतं हो. पाणी मारायचं, उभं करायचं." थांबले. ते चढाईपटू होते, जिल्ह्याकडून खेळलेले. एका अंतिम सामन्यात डोकं आपटलं. पुढचे सगळे गुण त्यांनीच घेतले म्हणतात. "मला त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाही. कप घेताना फोटो आहे. घरी लावलाय. बघतो तेव्हा तो दुसराच कोणी वाटतो."

चिऊ दारात उभी होती. म्हणाली, "सर, मी त्या दिवशी समोरच्या बाजूला गेले होते? खरंच?" तिला हे ठाऊक नाही, हे मला आज कळलं.

१० फेब्रुवारी

तक्ता: सगळीकडे ०. तिनेच भरला. मग सकाळी मिक्सर लागल्यावर उठून का गेली? संध्याकाळी समोरून मोटारीचा दिवा आला तेव्हा मान का फिरवली?

शून्य झाल्याशिवाय पुढची पायरी नाही, हे तिने पाठ केलंय. पोरगी हुशार आहे. तक्त्याशेजारी मी माझा रकाना आखला. तिला सांगून.

ती म्हणाली, "ही चिटिंग आहे." म्हटलं, पंच दोन असतात.

११ फेब्रुवारी

माझा रकाना: २. तिचा: आज तिनेही २ लिहिले.

१४ फेब्रुवारी

'छावा' लागला. मैत्रिणी सगळ्या चालल्या. अंधारात मोठा पडदा, तोफा, गर्जना. डॉक्टरीणबाईंना विचारायचीही गरज नव्हती. चिऊने स्वतःच नाही सांगितलं, मग दोन तास कोणाशी बोलली नाही. चिडचिडीचे गुण द्यावेत का? दिले नाहीत. ही कोणाचीही झाली असती.

१६ फेब्रुवारी

काल, आज त्रास नाही. दोन्ही रकाने शून्य. पळायला परवानगी. मैदानाला संथ फेऱ्या, नुसत्या.

पायऱ्या अशा: चालणं, सायकल. मग पळणं. मग एकटीने पायांच्या हालचाली, कोणाला न भिडता. मग जोरात सराव, तोही न भिडता. मग डॉक्टरांचं पत्र, तेव्हाच पकडी. शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास उलटला तर एक पायरी खाली. पत्राआधी पकड नाही, हे तीनदा अधोरेखित.

सर शिट्टी न वाजवता हाताने खुणा करत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. ढोल-ताशा खालून गेला. चिऊ गॅलरीत उभी राहिली, पूर्ण मिरवणूक. मी ढोलांकडे बघितलंच नाही. नंतर विचारलं. "थोडं घुमलं. दहा मिनिटांत गेलं." माझ्या रकान्यातही १.

सूनबाईने रजा टाकली. सहा वाजताची सीएसएमटी लोकल आता परीक्षा संपेपर्यंत नाही म्हणाली. मुलगा भूमितीची प्रमेयं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावतोय. रिपोर्ट नॉर्मल आहे, हे वाक्य गेल्या आठवड्यात त्याच्या तोंडून आलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठीचा पेपर. बाक भिंतीकडेचा मिळाला. बाहेर आली, म्हणाली, निबंध लिहिताना एकदा डोळे मिटून बसले, पर्यवेक्षिका येऊन विचारून गेल्या. पत्राचं त्यांना कोणी सांगितलं असावं. उपयोजित लेखनातलं एक राहिलं. सूनबाई कुठलं म्हणून विचारणार होती, नाही विचारलं.

टीव्हीवर पेपरफुटीच्या बातम्या. बंद केला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुबईत पाकिस्तानशी सामना, विराटचं शतक. पण दुपार गेली भलत्याच कामात.

सरांनी मंडळाच्या खोलीत लावायला फलक लिहून मागितला होता. डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला काय विचारायचं. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी होता? तो जिंकलो का? एक चुकलं तरी बाहेर. सगळी बरोबर आली, पण डोकं दुखतंय, गरगरतंय, तरी बाहेर. त्या दिवशी परत मैदानात नाही, सामना कितीही रंगलेला असो. एकटं घरी पाठवायचं नाही.

शेवटच्या ओळीवर सर अडले. अंतिम सामना असला तर? चिऊ म्हणाली, "अंतिमच्या वेळी डोकं वेगळं असतं का सर?" ओळ राहिली.

तिला अजून पकडीची परवानगी नाही. पत्र परीक्षेनंतर बघू असं ठरलंय. संध्याकाळी मजकूर घेऊन तिघं फ्लेक्सवाल्याकडे. त्याने वाचलं, आकार विचारला, आणि म्हणाला, "बरं, फोटो कोणाकोणाचे टाकायचे?"

कोणाचेच नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसेना. सर हळूच म्हणाले, निदान मंडळाच्या अध्यक्षांचा तरी टाकावा लागेल.